बारा नंबरच्या घरातला पेपरमिंटचा वास

हेबलशॉच्या चॅपलमध्ये प्रवचनाची लांबी घड्याळावर कुणी मोजत नसे. ती पेपरमिंटच्या गोळ्यांवर मोजत. पाद्रीबाबांनी पहिला मुद्दा काढला की चारशे हात चारशे खिशांत जात आणि चारशे गाल फुगत. एका गोळीत आटपलं तर पाद्रीबाबांची प्रकृती बरी नाही असं समजत, दोन गोळ्यांचं प्रवचन बेताचं, आणि तिसरी गोळी लागली तर घरी भट्टीत ठेवलेलं मटण करपलं म्हणून बायका डोळे मिटून घेत. पाद्रीबाबांना त्या भक्तीत बुडाल्यासारख्या वाटत.

त्या रविवारी दुसऱ्या मुद्द्याला एनॉक टॅटरसॉलनं आपल्या काळ्या ओव्हरकोटाच्या खिशात हात घातला. गोळी कागदाच्या पुडीत असायला हवी होती. ती पुडीतून निसटून रुमालाला चिकटली होती, आणि तिथं तिनं बरेच दिवस संसार केला असावा, कारण रुमालाची अर्धी घडी पाकात बुडवून वाळवल्यासारखी कडक झाली होती. त्यानं रुमाल सवयीनं नाकाशी नेला.

पेपरमिंट.

चॅपलमध्ये पेपरमिंटचा वास येणं यात नवल काहीच नव्हतं. तरी टॅटरसॉलच्या तोंडचं पाणी पळालं. हा कोट रविवारचा. त्या आठवड्यात तो रविवार सोडून एकदाच बाहेर निघाला होता, मंगळवारी, विणकर गल्लीतल्या बारा नंबरच्या घरात.

"अहो, मधेच काय थांबलात? घ्या ना गोळी," त्याची बायको बर्था ओठ न हलवता म्हणाली. चॅपलमध्ये असं बोलायची कला तिला आईकडून आली होती.

"नको," टॅटरसॉल म्हणाला.

बर्थानं त्याच्याकडे वळून पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात दुसऱ्या मुद्द्याला त्यानं गोळी नाकारल्याचं तिला आठवत नव्हतं.

टॅटरसॉल हा हेबलशॉ नगरपालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टर. पद मोठं नव्हतं, नाक मोठं होतं. खाटकाच्या दुकानावरून नुसतं जाताना मटण कोणत्या वारचं आहे ते तो सांगे, म्हणून तो येताना दिसला की खाटीक दुकानाचं दार लावून प्रार्थनेला बसत. दुधात पाणी किती, हे रसायनशाळेतून कळायच्या आत त्याला कळलेलं असे. कमिटीच्या बैठकीत 'श्री. टॅटरसॉल यांना वास आला' एवढं वाचून दाखवलं की ठराव मंजूर. नाकाला उलटतपासणी नसते.

झालं असं होतं. विणकर गल्लीत तीन मुलांना घटसर्प झाला. मुलं वाचली, पण गल्ली हबकली, आणि आरोग्याधिकारी डॉ. पेनहॅलो यांनी सगळ्या घरांची गटारं तपासायचा हुकूम काढला. घराखालची नळी फुटली आहे का, हे पाहायची रीत ठरलेली होती. एकानं परसातल्या संडासात पेपरमिंटचं तेल ओतायचं, वरून बादलीभर कढत पाणी. दुसऱ्यानं स्वयंपाकघरात दारंखिडक्या लावून नाक वर करून उभं राहायचं. आत पेपरमिंटचा वास आला की नळी फुटलेली. तेल ओतणाऱ्यानं मात्र घरात पाऊल टाकायचं नाही, कारण त्याच्या अंगाखांद्यालाच तो वास लागलेला असतो. हे ओतायचं काम सेथ ऑर्मरॉडकडे होतं. सेथ साठीचा, गुडघ्यांनी अधू, तोंडानं धडधाकट. तपासणीच्या दिवशी त्याची बायको त्याचं ताट परसाच्या भिंतीवरून देई.

नियम इतका कडक. आणि मंगळवारी स्वतः टॅटरसॉल खिशात पेपरमिंट घेऊन आत उभा होता! त्याचा रोजचा कोट घटसर्पाच्या घरांतून फिरला म्हणून नगरपालिकेच्या वाफेच्या भट्टीत निर्जंतुक व्हायला गेला होता. बाहेर कडाक्याची थंडी. त्यानं रविवारचा कोट चढवला. माणसाला रविवारचा खिसा मंगळवारी आठवत नाही. अकरा घरं निर्मळ निघाली. ती उबदार नव्हती, म्हणून नाक वाहिलं नव्हतं आणि रुमाल निघाला नव्हता. बाराव्या घरात मात्र चुलीवर काळे वाटाणे शिजत होते. त्या उबेत टॅटरसॉलचं नाक सैल झालं. त्यानं रुमाल काढला, वाद्य जुळवून घ्यावं तसं दोनदा नाक साफ केलं, मग डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. लख्ख वास! तेव्हा आपल्याला जरासा अभिमान वाटला होता, हेही त्याला आता आठवलं.

बारा नंबरचं घर हेस्टर शटलवर्थचं. पासष्टीची विधवा, त्याच्या दिवंगत आईची मैत्रीण. पुढल्या खोलीच्या खिडकीतून ती शिजवलेले काळे वाटाणे विके. साडेबाराचा भोंगा झाला की गिरणीतल्या पोरी आपापले वाडगे घेऊन धावत, आणि ती वरून व्हिनेगर शिंपडताना प्रत्येकीच्या लग्नाची चौकशी करी. मंगळवारी दुपारीच तिच्या दारावर पांढरी नोटीस लागली. वाटाणे बंद. घरमालक म्हणाला, फरशी उकरून नळी बदलण्यापेक्षा घरच बंद केलेलं परवडेल. पुढल्या आठवड्यात बुधवारी कमिटी बसायची होती, शिक्का मारायला. मग शटलवर्थबाईंनी समुद्रकाठच्या नणंदेकडे जावं असं सर्वांनी परस्पर ठरवून टाकलं. या नणंदेची ख्याती अशी, की पाहुणा खुर्चीतून उठला की ती खुर्ची पुसून घेई. पाहुणा अजून खोलीत असताना.

आणि गल्लीला हायसं वाटलं. एवढा रोग कुठून आला ते कळलं!

आता शटलवर्थबाई दोन ओळी पुढं बसल्या होत्या. तपकिरी टोपी, टोपीवर लाखेची दोन बोरं. बाकावर त्यांच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा रिकामी होती, उजव्या हातालाही. चॅपल गच्च भरलेलं. पाद्रीबाबा तिसऱ्या मुद्द्याकडे वळले. टॅटरसॉलनं रुमाल खिशात कोंबला, आणि पुढचा पाऊण तास त्या दोन लाखेच्या बोरांकडे बघत काढला.

चॅपल सुटल्यावर तो मुद्दाम त्यांच्यासमोर आला.

"नमस्कार, शटलवर्थबाई."

"नमस्कार, साहेब," त्या म्हणाल्या आणि बाजूला होऊन त्यांनी वाट दिली.

आजवर त्या त्याला कामावर असताना साहेब म्हणत आणि चॅपलच्या पायऱ्यांवर अरे एनॉक. पायऱ्यांवर साहेब ही पहिलीच वेळ.

सोमवारी सकाळी भट्टीतून परत आलेला रोजचा कोट घालून, चारही खिसे दोनदा उलटे करून, टॅटरसॉल सेथला घेऊन बारा नंबरला गेला.

"पुन्हा?" सेथ म्हणाला. "साहेब, या घरात तर आला होता ना वास?"

"खात्री करायची आहे."

"तुमच्या नाकाची? बावीस वर्षांत कधी केली नाहीत."

"तू तेल ओत, सेथ."

शटलवर्थबाईंनी दार उघडलं. पुढल्या खोलीत पेटी अर्धी भरलेली होती. वाटाण्यांचं मोठं भांडं घासून पालथं घातलं होतं.

"या साहेब. अजून काही वास काढायचाय का?"

"एकदा... परत बघतो."

"बघा. घर तुमचंच आहे आता."

त्यानं दारंखिडक्या लावल्या. आज रुमाल जवळ ठेवलाच नव्हता. बाहेर सेथनं तेल ओतलं, बादली ओतली, बोंब मारली. टॅटरसॉल उभा राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. साबणाचा वास आला, कोळशाचा आला, थंड चुलीचा आला. पेपरमिंटचा आला नाही.

शटलवर्थबाई कोपऱ्यात हात बांधून उभ्या होत्या. घरातल्या माणसानं बोलायचं नसतं, पण त्या बोलल्या.

"तुम्हाला आमची नेली आठवत असेल. तुम्ही लहान नव्हता तेव्हा."

टॅटरसॉलला त्यांची मुलगी आठवत होती. सहा वर्षांची. महायुद्धाच्या आधी घटसर्पानं गेली होती.

"तिची खाट मी इथं ठेवत असे," त्यांनी मोरीशेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "इथं चुलीची ऊब लागते म्हणून. माझ्या हातानं मी तिला त्या नळीच्या तोंडाशी निजवली. मला कधी वास आला नाही हो, साहेब. एकवीस वर्षं मी म्हणत आले, देवानं नेली. तुम्ही मंगळवारी आलात तेव्हा कळलं, कुणी नेली ते. समोरच्या डकवर्थबाईंकडे जाऊनसुद्धा आले मी. म्हटलं, बाई, तुमच्या आयव्हीला माझ्या घरामुळं घटसर्प झाला, मला पदरात घ्या. त्यांनी दार पुरतं उघडलं नाही, पण ऐकून घेतलं."

टॅटरसॉलनं तोंड उघडलं. सगळं वाक्य जिभेवर तयार होतं: वास माझ्या खिशात होता. फार मोठं वाक्य नव्हतं. पण बावीस वर्षं ज्या तोंडातून निकाल निघाले त्यातून ते निघेना.

"आज वास नाही," तो म्हणाला.

"नाही? म्हणजे दुरुस्त झालं? कुणी केलं?"

"कधीकधी... सांधा आपोआप बसतो."

हे वाक्य मात्र सहज निघालं.

बाहेर परसात सेथ भिंतीला टेकून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "साहेब," तो म्हणाला, "आपोआप बसलेला सांधा मी या जन्मात पाहिला नाही. माझा गुडघासुद्धा बसला नाही."

टॅटरसॉल घरून तो चिकट रुमाल घेऊन डॉ. पेनहॅलोंच्या कचेरीत गेला आणि त्यानं तो टेबलावर ठेवला. डॉक्टरांपुढं कबूल करणं त्याला सोपं गेलं. जिचं नुकसान झालं ती बाई तिथं नव्हती.

डॉक्टरांनी पेन्सिलीच्या टोकानं रुमाल उलटला.

"हे अजून कुणाला माहीत आहे?"

"सेथला संशय आहे."

"सेथला सगळ्याचाच संशय असतो. हे बघा, टॅटरसॉल, नदीकाठची एक्केचाळीस घरं पाडायचा अर्ज तुमच्या नाकावर उभा आहे. त्या घरांतली माणसं अजून बादलीत पाणी साठवून पितायत. उद्या घरमालकांचे वकील हा रुमाल वरिष्ठांसमोर फडकवतील, मग बसा."

"पण त्या बाईंचं घर..."

"घर वाचवू की. कमिटीपुढं लिहून देऊ, दोष दूर झाला, पुन्हा तपासलं, ठीक आहे. नोटीस रद्द. कुणाचं काही गेलं नाही."

"डॉक्टर, घटसर्प गटारामुळं होतो का हो?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "तीस वर्षं पुस्तकं सांगतायत की होत नाही. पोरापासून पोराला होतो. पण कमिटीला गटार लागतं. गटार दाखवलं की पैसे मंजूर होतात, जंतू दाखवले की चहा मागवतात."

टॅटरसॉलनं सही केली. बुधवारी कमिटीनं बारा नंबरचा विषय अर्ध्या मिनिटात निकालात काढला. 'दोष दूर झाला.' त्या संध्याकाळी त्यानं स्वतःच्या हातानं दारावरची नोटीस काढली. चिकटवली होती चांगली. कोपरे नखानं खरवडावे लागले, आणि खरवडूनही दारावर पांढरा चौकोन राहिलाच.

गुरुवारी चुलीवर पुन्हा वाटाणे चढले. साडेबाराचा भोंगा झाला. लाकडी तळाचे बूट खडखडवत पोरी आल्या, आणि गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर समोरच्या पदपथावर गेल्या. गटार दुरुस्त झालं होतं ना? म्हणजे बिघडलेलं होतं! खुद्द नगरपालिकेनं लिहून दिलं होतं.

खिडकीशी एकच गिऱ्हाईक आलं. त्याच्या हातात घरून आणलेला वाडगा होता.

"घाला," टॅटरसॉल म्हणाला.

शटलवर्थबाईंनी वाटाणे घातले, व्हिनेगर शिंपडलं, लग्नाची चौकशी केली नाही. तो तिथंच उभा राहून, सर्वांना दिसेल असं खात राहिला. संपल्यावर दुसरा वाडगा घेतला. मग तिसरा. समोरच्या पदपथावरची एक पोरगी दुसरीला म्हणाली, "बघ गं, साहेब स्वतः खाऊन बघतायत, विषारी आहेत का ते."

"मेले नाहीत अजून," दुसरी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत वाट बघू."

घरी आल्यावर बर्थानं त्याच्यापुढं जेवण ठेवलं. त्यानं ते सरकवलं. "अहो, पोट दुखतंय का?" तिनं विचारलं, आणि नेहमीच्या उपायाकडे, म्हणजे पेपरमिंटच्या बाटलीकडे हात नेला. तो इतक्या जोरात "नको!" म्हणाला की मांजर टेबलाखालून निघून गेलं.

शुक्रवारी भोंग्याआधीच तो खिडकीशी हजर होता. वाटाण्यांचं भांडं काठोकाठ होतं. कालचं उरलेलं त्यांनी फेकून दिलं असणार. शटलवर्थबाईंचे डोळे सुजलेले होते.

"साहेब, एकट्यानं तुम्ही किती खाणार? पोट बिघडेल, मग तेही माझ्याच नावावर."

भोंगा झाला. बुटांचा खडखडाट गल्लीत शिरला.

टॅटरसॉलनं खिशातून रुमाल काढला आणि खिडकीच्या चौकटीवर ठेवला. रविवारपासून तो त्यानं धुवायला टाकला नव्हता.

"याचा वास घ्या."

"अगंबाई, कशाला?"

"घ्या तर."

त्यांनी वाकून घेतला. "पेपरमिंट आहे. चॅपलची गोळी."

"त्या मंगळवारी हा माझ्या खिशात होता. तुमच्या स्वयंपाकघरात मी याच रुमालानं नाक पुसलं. तुमच्या नळीला काही झालेलं नव्हतं. आणि नळी फुटकी असती, तरी पोरांना त्यामुळं काही झालं नसतं. डॉक्टरच म्हणतात. पोरापासून पोराला होतो तो रोग."

शटलवर्थबाईंच्या हातातली पळी भांड्यावर तशीच धरलेली, तिच्यातून थेंब थेंब गळत होतं.

"म्हणजे सांधा आपोआप बसला, ते?"

"थाप होती."

"आणि माझी नेली?"

"तिला तुम्ही उबेत निजवलं होतंत. एवढंच केलं होतंत."

शटलवर्थबाईंनी पळी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. "मोठ्यानं सांग," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आत्ता मला सांगितलंस ते. नोटीस दारावर लावली होतीस ना, सगळ्यांना वाचता येईल अशी? मग हे काय कुजबुजतोयस? समोर डकवर्थबाई खिडकीत उभ्या आहेत. त्यांना ऐकू जाऊ दे. आणि त्या पोरींना."

टॅटरसॉल वळला. हातात वाडगा होता, तो कुठं ठेवावा ते न कळून त्यानं तसाच छातीशी धरला आणि गल्लीकडे तोंड करून ओरडला, "बारा नंबरचं गटार चांगलं होतं! पहिल्यापासून! वास माझ्या खिशात होता! चॅपलची गोळी होती!"

खडखडाट थांबला. एकदम इतकं शांत झालं की गिरणीच्या बॉयलरचा श्वास ऐकू आला. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू गल्लीभर पसरलं.

"कुठल्या खिशात म्हणालात, साहेब?"

"आतापासून घरात शिरताना नाक बाहेर ठेवा!"

"अन् गोळी आम्हाला द्या!"

हसत हसतच पहिली पोरगी रस्ता ओलांडून आली, मग तिच्यामागं दुसरी. डकवर्थबाईंच्या खिडकीचा पडदा हलला. थोड्या वेळानं दार पुरतं उघडलं आणि त्या स्वतः हातात वाडगा घेऊन बाहेर आल्या. रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आल्यावर शटलवर्थबाईंनी एक पळी जास्त घातली.

टॅटरसॉल रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. तो पुढं पोचला तेव्हा भांडं रिकामं होतं.

"दहा रात्री मी झोपले नाही, एनॉक," त्या म्हणाल्या.

"मला ठाऊक आहे."

"नाही, तुला ठाऊक नाही. आणि त्यातल्या पाच रात्री तुला सगळं माहीत होतं." त्यांनी खिडकी लावून घेतली. आपटली नाही, नुसती लावली.

पुढं व्हायचं ते झालं. डॉक्टरांनी चार दिवस त्याच्याशी चिठ्ठ्यांतून व्यवहार केला. नदीकाठच्या घरमालकांचे वकील आले, आणि टॅटरसॉलला ती एक्केचाळीस घरं पुन्हा तपासावी लागली. फेब्रुवारीच्या गारठ्यात नुसत्या सदऱ्यावर. प्रत्येक दारात आधी घरच्या बाईसमोर सगळे खिसे उलटे करायचे, असा नियम त्यानं स्वतःच काढला. बायका खिसे निरखून बघत आणि शेजारणीलाही बोलवत. एक्केचाळीसपैकी अडतीस घरं खरोखरच फुटकी निघाली. त्याला त्याचं समाधान वाटलं नाही. राहिलेल्या तीन घरांच्या दारांवर पांढरे चौकोन होते की नाही, हेच तो आठवत बसला.

पण ते नंतरचं. त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी चॅपल नेहमीसारखं भरलं होतं. तपकिरी टोपीच्या डाव्या हाताला डकवर्थबाई बसल्या होत्या, उजव्या हाताला आयव्ही. पाद्रीबाबांनी पहिला मुद्दा काढला. चारशे हात खिशांत गेले. टॅटरसॉलचा गेला नाही. त्यानं कोटाचे खिसे बर्थाकडून शिवून घेतले होते.

दुसऱ्या मुद्द्याला पुढून एक हात हळूच मागं आला. दोन ओळींवरून, मधल्या माणसांच्या खांद्यांवरून, बोटाबोटांतून सरकत एक गोळी टॅटरसॉलपर्यंत पोचली. लाखेची बोरं वळली नाहीत.

त्यानं ती घेतली, पण गालात टाकली नाही. घामेजल्या मुठीत धरून बसला. प्रवचन तीन गोळ्यांचं निघालं. शेवटी दारात पाद्रीबाबांनी त्याच्याशी हात मिळवला, आणि तो सोडवून घ्यायला त्यांना जरा वेळ लागला.